टाळ्या सावलीला पडल्या

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आता वस्तीत फारशी उरली नाहीत, आणि जी उरली आहेत त्यांना तुमचं धुवट पांढरं पातळ आठवतं, छत्री आठवते, पण आवाज आठवत नाही. मला आवाजच आठवतो. चेहऱ्यांच्या बाबतीत माझा घोटाळा होतो, आवाजाच्या बाबतीत कधी झाला नाही. धंदाही मी त्यावरच केला. आधी लग्नाकार्याला भोंगे भाड्यानं दिले, मग एक जुनं सोळा मिलिमीटरचं मशीन पैदा केलं आणि बार्शीटाकळीपासून पार धारणीपर्यंत बाजाराच्या गावी तंबू ठोकून सिनेमे दाखवले. मशीनच्या कुरकुरीवरून फिल्म कुठं तुटणार ते मला आधी कळायचं, आणि तंबूतल्या खोकल्यावरून लोक कुठं कंटाळले तेही. तुम्ही मला चौथीत शिकवलं, पण शाळेत तुमचं माझ्याकडे फारसं लक्ष गेलं असेल असं वाटत नाही. लक्ष गेलं ते पुढे, मी भातकुलीच्या बाजारात सिनेमाच्या रिळाचा दुसरा डबा पहिल्याच्या आधी लावला तेव्हा.

ती गोष्ट तुमच्या कानावर कुणी घातली कोण जाणे. दुसऱ्या डब्यात मरायचा बाप माझ्या खेळात आधीच मेला आणि नंतर पाटावर बसून जेवला. लोकांनी काही तक्रार केली नाही, उलट बाप परत आला म्हणून शिट्ट्या मारल्या. मी ते मोठ्या फुशारकीनं सांगत अमरावतीला तुमच्या घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात वांगी चिरत होता. ऐकून घेतलंत, हसलाही नाहीत. म्हणालात, "डब्यावर लिहिलेलं वाचता येत नाही आणि डबा उघडतोस? लोक हसले म्हणून तुझं बरोबर ठरलं का?" मग विळी बाजूला सरकवून तिथंच जमिनीवर कोळशानं मला इंग्रजी अक्षरं आणि आकडे काढून दाखवले. पुढे कितीतरी दिवस मी अमरावतीत असलो की त्या स्वयंपाकघरात बसून अक्षरं गिरवत असे, आणि तुम्ही चहा देताना कप आणि चूक दोन्ही एकदमच समोर ठेवत असा. मी पुढे थोडंफार नाव कमावलं, गाडी घेतली, लोक मला शेठ म्हणायला लागले, पण इंग्रजी अक्षर दिसलं की आजही मला कोळसा दिसतो.

मला लिहायचं आहे ते मात्र अकोल्याचं. तोवर तुमची बदली तिकडे होऊन बरीच वर्षं झाली होती. आपले लोक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्याला काही वर्षं झाली होती, वस्तीनं श्रमदानानं समाजमंदिर उभं केलं होतं, आणि त्याच्या वाढदिवसाला तिथंच आत तीन संध्याकाळ सिनेमाचा मेळा व्हायचा. मशीन माझं, भोंगा माझा, माणसं वस्तीची. त्या वर्षी तुम्ही नागपूरच्या एका सभेला गेलात आणि येताना डोक्यात एक नवीनच गोष्ट घेऊन आलात. अमेरिकेतून एक काळी बाई आली होती, तिकडे शाळेत शिकवणारी. धर्म बदललेली माणसं कशी राहतात ते बघायला आली होती. तिच्या पिशवीत तीन छोटे मुके सिनेमे होते. एक तिनं स्वतः काढलेला, दोन तिच्या मैत्रिणींचे. त्याही काळ्याच. चावी देऊन चालवायच्या हातातल्या कॅमेऱ्यानं, रजेच्या दिवशी काढलेले. तुम्ही तिला म्हणालात, अकोल्याला चल, आमच्या मेळ्यातली एक संध्याकाळ तुम्हा तिघींची. आणि ती हो म्हणाली.

समाजमंदिराच्या समितीच्या बैठकीला मी भोंग्याचं ठरवायला आलो होतो, म्हणून ते सगळं माझ्या कानांनी ऐकलं आहे. अध्यक्ष कापसाच्या जिनात मुकादम होते. माणूस वाईट नाही, पण बोलणं कुऱ्हाडीसारखं.

"बाई," ते म्हणाले, "बाया सिनेमात नाचतात हे आयकलं होतं. बाया सिनेमा काढतात हे आजच आयकून राहिलो."

"ऐकलंत ना? मग झालं."

"अन् त्याही काळ्या?"

"काळ्याच म्हणा. त्या स्वतःला तेच म्हणवून घेतात, मान वर करून."

मागून कुणीतरी म्हणालं, "मंग आपल्या वस्तीत नवीन काय हाय? घरोघरी हायेत." सगळे हसले. तुम्हीही हसलात. पण अध्यक्षांनी मग मुद्द्यालाच हात घातला. समाजमंदिर दर रविवारी बायांसाठी मोकळं ठेवा, त्यांना बसू द्या, वाचू द्या, बोलू द्या, असा अर्ज तुम्ही वर्षभर लावून धरला होता. पोरांना तोच रविवार आखाड्यासाठी हवा होता. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमी रविवार मांगता, पण बाया येतात कुठं? मागच्या खेपेले तुमी अन् तुमची छत्री, दोघीच होत्या. असं करा. तुमच्या या सिनेमाले समाजमंदिर बायांनी भरलं, तं रविवार तुमचा. नाही भरलं, तं आखाड्याचा. पुन्हा हा विषय काढाचा नाही."

तुम्ही एका शब्दात हो म्हणालात. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बाई, घाई केली." तुम्ही छत्री उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. ऊन नव्हतंच. म्हणालात, "ज्या मुली चौथीनंतर माझ्या हातून सुटल्या, त्या आता बाया झाल्या आहेत. त्यांना मी दुसरीकडे कुठं गाठू?" एवढंच. मला त्या दिवशी कळलं की आखाडा, समिती, मेळा हे सगळं राहू द्या, तुमचा स्वतःचा जीव त्या एका वारावर टांगलेला आहे.

ठरल्या दिवशी पाहुणीला घेऊन तुम्ही पॅसेंजरनं उतरलात. उंच बाई, सुती झगा, पायात जाड बूट, आणि केस तिनं मोकळे सोडले होते, चांगले फुलारलेले. वस्तीतल्या पोरी तिच्या केसांकडे आणि ती पोरींच्या वेण्यांकडे बघत राहिली. समाजमंदिरात गावठी थाटात तयारी झाली होती. शाळेच्या मुलींनी फळ्यावर त्या तिघींची नावं मराठीत काढली होती आणि दोन दिवस घोकून पाठ केली होती. न आलेल्या दोघींचे फोटो पाहुणीनं दिले होते. ते टेबलावर मांडून आपल्या एका कार्यकर्त्यानं त्यांना झेंडूचे हार घातले आणि पुढे उदबत्ती लावली. पाहुणी हात जोडून कौतुकानं बघतेय, आणि तुमचा चेहरा उतरला.

"काढा तो हार! जिवंत आहेत त्या!"

"जिवंत हायेत?" तो खरोखरच गोंधळला. "मंग फोटो कायले आणला?"

हार काढून तुम्ही फळ्यावरच्या नावांना घातले. पाहुणीनं विचारलं काय झालं, तर तुम्ही इंग्रजीत काहीतरी लांबण लावलीत. तिला खरं सांगितलं नाहीत, एवढं मला तुमच्या आवाजावरून कळलं.

आता खरी चूक सांगतो. भोंग्यावर काय लावायचं यावरून दुपारीच आपली जुंपली होती. माझा नेम सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक होता. खेळाच्या आधी मी तबकड्या लावायचो, आणि त्यातली शेवटची एक ठरलेली होती, ढोलकीची, फक्कड चालीची. ती वाजली की मशीन सुरू होणार. गावोगावी बाया ती ऐकूनच हातातलं काम टाकायच्या. तुम्ही म्हणालात, "आजच्या दिवशी ती ढोलकी नको. आज आपण कुणाचा तरी मान करतो आहोत. वंदना लाव." मला पटलं नाही, पण तुमच्यापुढे मी तोंड कधी उघडलं? लावली वंदना. दिवे लागले, पडद्याचं पांढरं कापड ताणून झालं, पाहुणी खुर्चीत बसली. समितीचे लोक आले, तरुण पोरं आली, भिंतीला लागून उभी राहिली. आणि बायांसाठी अंथरलेली भलीमोठी सतरंजी तशीच रिकामी. शाळेच्या चार मुली आणि एक म्हातारी, जी कुठल्याही कार्यक्रमाला यायची. वंदना संपली. मी पुन्हा लावली. पुन्हा संपली. अध्यक्षांनी घड्याळाकडे न बघता तुमच्याकडे बघितलं. आखाड्याची पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागली. तुम्ही ताठ बसून होता, पण हातातला रुमाल पिळून त्याची दोरी झाली होती.

मी मशीन सोडून दाराशी आलो. बाहेर अंधार पडत होता, आणि साऱ्या वस्तीतून एकच आवाज येत होता. थप् थप् थप्. घरोघरी भाकरी थापत होत्या बाया. निवांत, एका लयीत. येणारच नाही असं ठरवलेल्या घरातून असा आवाज येत नाही बाई, तिथून भांड्यांची आदळआपट ऐकू येते. या बाया वेळ आहे असं धरून चालल्या होत्या. कारण वंदना म्हणजे सभा, आणि सभा म्हणजे आधी नागपूरच्या पाहुण्यांची भाषणं. वंदना ऐकली की तवा ठेवायचा आणि भाकरी उरकून शेवटाला जाऊन बसायचं, हा वस्तीचा रिवाज. आपणच त्यांना सांगून बसलो होतो की भाषणं चालू आहेत.

मी तुमच्या कानाशी वाकून ते सांगितलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मान द्यायच्या दिवशी ढोलकी, हे गिळायला तुम्हाला किती जड गेलं ते मला दिसलं. मग चिडल्यावर गळून पडायचं ते तुमचं पुस्तकी वळण गळून पडलं.

"लाव बाप्पा. अन् चांगली जोरानं लाव."

ढोलकीचा पहिला ठेका पडला आणि वस्तीतली थापणी जागच्या जागी थांबली. मग कड्या वाजल्या, मग पोरांची रडारड, मग धावपळ. बाया आल्या त्या पिठाच्या हातांनी. कडेवर पोर, बगलेत बसायचं पोतं. पुष्कळजणींनी पांढरी लुगडी आधीच नेसून ठेवली होती, त्यावर चुलीची राख. सतरंजी भरली, तिच्या पुढची फरशी भरली, दार भरलं. जिनात कापूस निवडणारी एक मावशी होती, वस्तीत तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. ती थेट अध्यक्षांपुढे उभी राहिली. "सरक ना भाऊ. पडद्यापुढं खांबावानी कायले उभा हायेस?" अध्यक्ष सरकले. सरकत सरकत पार मागच्या भिंतीला लागले.

पहिला सिनेमा एका मैत्रिणीचा. त्यांच्या चर्चमधल्या मोठ्या स्वयंपाकघरात बाया काहीतरी तळताहेत, हसताहेत, एकमेकींच्या पाठीवर थापा मारताहेत. पाहुणी इंग्रजीत सांगायची, तुम्ही मराठीत. "या स्त्रिया आपल्या प्रार्थनामंदिराच्या पाकगृहात," अशी तुम्ही सुरुवात केली, आणि मावशी ओरडली, "बाई, पाकगृह कायले मनता? चूल मना ना!" तुम्ही चूल म्हणालात. मग सगळं सोपं झालं. दुसरा सिनेमा दुसऱ्या मैत्रिणीचा. आजी पायरीवर बसून नातीचे केस विंचरते आहे, फणी अडकते, पोरगी तोंड वाकडं करते, आणि सगळ्या समाजमंदिरातून "आई वं!" निघालं. आपल्या डोक्यात फणी अडकल्यासारखं. तिसरा पाहुणीचा स्वतःचा. तिची आई गोऱ्या लोकांचे कपडे घरी आणून धुते. टोपल्या, साबणाचा फेस, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी, इस्त्री, आणि मग धुतलेल्या कपड्यांची टोपली डोक्यावर घेऊन मागच्या दारानं जाणं. तिथं मशीनचा आवाज तेवढा राहिला. मागच्या दाराचं कुणालाच मराठी करून सांगावं लागलं नाही.

दिवे लागल्यावर तुम्ही म्हणालात, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. अशा वेळी बाया खाली बघतात. मावशी उठली.

"हे शेवटचं सारं हिनंच काढलं?"

"हो, हिनंच."

"मंग हे बाई कुठं हाय यात? हिची माय दिसली, हिच्या माईची इस्तरी दिसली, हिच्या घरचं कुत्रंबी दिसलं. हे काहून नाही दिसली?"

तुम्ही ते इंग्रजीत सांगितलंत. पाहुणी आधी हसली, मग सांगायला लागली आणि तुम्ही वाक्यामागून वाक्य मराठीत आणत गेलात: ज्याच्या हातात यंत्र असतं तो चित्रात नसतो. पण एका ठिकाणी मी आले आहे. आई चादर वाळत घालत होती, ऊन माझ्या पाठीशी होतं, आणि माझी सावली त्या चादरीवर पडली. शहाण्या लोकांनी सांगितलं, चूक आहे, एवढा तुकडा कापून टाक. मी कापला नाही.

"परत लावा," मावशी म्हणाली. मग सतरंजीभर एकच गलका, "परत लावा! परत लावा!"

मी फिल्म उलटी गुंडाळली. ती जुनी, कडेची भोकं फाटत आलेली. पुन्हा लावली, आणि चादर आली तशी मावशी उभी राहून पडद्याकडे बोट करून ओरडली, "हे पाह्य! हे पाह्य तिची सावली! हातात मशीन हाय!" बाया उठल्या, पोरं वर उचलली, आणि टाळ्या पडल्या. सावलीला. "थांबव तिथं!" असं सगळ्या मला ओरडून सांगत होत्या. मी ओरडलो, "थांबवलं तं जळन!" दिव्यापुढे फिल्म थांबली की संपली. तर म्हणाल्या, मग आणखी एकदा लाव. लावली. पाहुणी खुर्चीतून उठून बायांमध्ये जाऊन बसली होती. तिचा आवाज मला क्षणभर ओळखू आला नाही. इतका वेळ ती सभेतली इंग्रजी बोलत होती, आता शेजारच्या बाईच्या पिठाच्या हाताला धरून जे बोलत होती ती तिच्या घरची असावी. शेजारीण तिला वऱ्हाडीत उत्तरं देत होती. दोघींचं बरं चाललं होतं.

सगळं आवरल्यावर अध्यक्ष आले. खांद्यावर कुणाचंतरी पोर होतं, दिसावं म्हणून घेतलेलं, उतरवायचं विसरले होते. म्हणाले, "आखाड्याले मी शनिवार देतो."

तुम्ही पिळलेल्या रुमालाची घडी घातलीत.

"पण बाई, ते ढोलकीचं गाणं का दर रविवारी लावान?"

"लावीन," तुम्ही म्हणालात. "बाया येतपर्यंत लावीन."

आणि लावलंत. मी तबकडी तुमच्याकडेच ठेवून दिली. मान द्यायला ढोलकी चालते, हे त्यानंतर तुम्ही मला कधी बोलून दाखवलं नाहीत, मीही विचारलं नाही. पाहुणी परत गेली, तुमच्याकडे तिची काही वर्षं पत्रं येत होती एवढं मला ठाऊक आहे. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या रविवारीही समाजमंदिर उघडं होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

रविवार अजून बायांचाच आहे. आता वर स्लॅब पडला आहे, पंखे आहेत. गेल्या महिन्यात तिथल्या पोरींनी, म्हणजे त्या वेळी कडेवर असलेल्यांच्या नातींनी, काळ्या बायांनी काढलेल्या सिनेमांचा दिवसभराचा मेळा केला. फिल्म नाही, डबा नाही, भिंतीवर नुसता उजेड टाकतात. तसल्या सिनेमांचे आता ढीग आहेत म्हणे, आणि पोरींना त्यांतल्या कितीतरी बायांची नावं न अडखळता येतात. मला खुर्चीत बसवून बोलायला सांगितलं. मी ही सगळी गोष्ट सांगितली. तुमच्याविषयी सांगितलं, मावशीविषयी सांगितलं, सावलीविषयी तर फार रंगवून. एक पोरगी आहे, स्वतः कॅमेरा घेऊन जिनातल्या बायांचं काहीतरी काढते आहे. तिनं विचारलं, "आबा, त्या सावलीत कॅमेरा डोळ्याला लावलेला होता का पोटापाशी धरलेला?" मी पटकन म्हणालो, डोळ्याला. तिनं लिहून घेतलं.

घरी आल्यापासून ते मला टोचतं आहे. फिल्मची भोकं फाटलेली होती बाई. चादरीचा तुकडा यायचा तेव्हा मी पडद्याकडे पाठ करून, बोटानं फिल्म सावरत, कान मशीनला लावून उभा असायचो. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही. इतकी वर्षं मी लोकांना ती सावली दाखवत आलो आहे, आणि ती मी पाहिलेलीच नाही. नुसती ऐकली आहे. तुम्ही अगदी पुढे बसला होता, तुम्ही सांगू शकला असता. हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा येत्या रविवारी मलाच समाजमंदिरात जावं लागेल, आणि त्या पोरीला सांगावं लागेल की ते खोड, मला माहीत नाही.